आजीची मेडलं: लष्करी नर्सची पदकं कशी वाचावीत, लावावीत आणि पावसाळ्यात जपावीत

सगळ्यात आधी एक करा, मेडलं घासू नका. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेने नाहीतर सोलांनी घासून लखलखीत करायची सवय. चतुर्थीच्या आधी घर आवरताना आजीची पेटी उघडली की हात आपसूक तिकडेच वळतो. पण मेडलाच्या कडेवर कोरलेली अक्षरं उथळ असतात. थोड्या चतुर्थ्या अशा गेल्या की नाव पुसलं जातं, आणि सगळी माहिती त्या नावातच असते. मऊ सुती फडक्याने कोरडं पुसा, बास. ब्रासोची बाटली त्या खोलीतसुद्धा आणू नका.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त होऊन आता म्हापशाजवळ राहते. लोक पिशवीत मेडलं घेऊन येतात आणि विचारतात, "बाय, हे कसलं ते बघ गो." पाठोपाठ घरात ठरलेलं उत्तरही येतं: आजीला शौर्यपदक मिळालं होतं. बहुतेक वेळा ते मोहिमेचं पदक निघतं, म्हणजे त्या काळात त्या आघाडीवर नोकरी केल्याचं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मला मात्र शौर्यपदकापेक्षा हेच जास्त बोलकं वाटतं, कारण आजी नेमकी कुठे होती ते त्यातून कळतं.

पांढऱ्या कपड्यावर मेडलं मांडा. पट्टीवर शिवलेली असतील तर उसवू नका, आहे त्या क्रमात राहू द्या. समोरून, मागून आणि कडेने फोटो काढा. कड वाचायला खिडकीजवळचा तिरका उजेड आणि साधं भिंग पुरतं. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय मेडलांवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. चांदणीच्या आकाराची असतील तर मागच्या बाजूला पाहा. नर्सिंग सर्व्हिसच्या नंबराची सुरुवात बहुधा 'एनआर' अशी असते.

इथे घरची मंडळी दोनदा फसतात. पहिल्यांदा हुद्द्याला. 'लेफ्टनंट' किंवा 'कॅप्टन' दिसलं की मेडल आजोबांचं ठरवून मोकळे होतात. वॉर्डात सगळे 'सिस्टर' म्हणत, तरी १९४३ च्या अध्यादेशापासून या नर्स कमिशन घेतलेल्या अधिकारी होत्या. भारतीय सैन्यातली पहिली महिला मेजर जनरल, १९७६ सालची गर्ट्रूड अॅलिस राम, नर्सच होती.

दुसऱ्यांदा नावाला. आपल्या घरांत लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायचे. मेडलावर माहेरचं नाव असतं, आणि नातवंडांना ते कुणा भलत्याच बाईचं वाटतं. त्यातून कित्येक जणींची नोकरी लग्नापाशीच संपली. १९७७ च्या आर्मी इन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे लष्कराच्या लेखी आदेशात, लग्न हे सेवेतून काढण्याचं एक कारण म्हणून चक्क लिहिलेलं होतं. ती १९९५ मध्ये मागे घेतली गेली. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये घरी पाठवलेल्या एका लेफ्टनंटला सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ६० लाख रुपये द्यायला सांगितले. तेव्हा कागद शोधताना, अर्ज करताना, गॅझेट चाळताना आधी माहेरचं नाव घाला.

आता मेडलं ओळखूया. आजी पोर्तुगीज गोव्यातून मुंबईला नर्सिंग शिकायला गेली आणि दुसऱ्या महायुद्धात भरती झाली असेल, तर पितळी रंगाची सहा टोकांची चांदणी सापडेल. मधल्या गोलावर त्या चांदणीचं नाव असतं, जसं बर्मा स्टार. बर्मा स्टारची रिबन गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५ या काळात त्या आघाडीवर काम केलेल्यांना तो मिळाला. सोबत दोन रुपेरी गोल मेडलं असू शकतात. ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर वॉर मेडल, त्याला २८ दिवसांची नोकरी पुरत होती. हिंदुस्थानचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल, त्याला तीन वर्षं लागायची. वॉर मेडलच्या रिबनीवर ब्राँझचं ओकचं पान असेल तर जपून हाताळा. सेनापतीच्या खलित्यात, म्हणजे युद्धाच्या अहवालात, आजीच्या नावाचा खास उल्लेख झाल्याची ती खूण आहे. पान सुटलेलं असेल तर पेटीच्या तळाशी चाचपून बघा.

लाल क्रूस दिसला तर घाई करू नका. रेड क्रॉस सोसायटीचे बिल्ले पुष्कळ घरांत असतात. रॉयल रेड क्रॉस हा सन्मान वेगळा. व्हिक्टोरिया राणीने १८८३ मध्ये तो खास युद्धातल्या शुश्रूषेसाठी सुरू केला. क्रूसाच्या चार भुजांवर फेथ, होप, चॅरिटी आणि १८८३ असं असतं, आणि बायकांसाठी रिबनीचा बो बांधलेला असतो. तो खराच असेल तर नाव लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलेलं असणार. ते गॅझेट ऑनलाइन फुकट शोधता येतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाचेही दोन सन्मान आहेत: एक आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचा, दुसरा भारत सरकारचा १९७३ पासूनचा राष्ट्रीय पुरस्कार. प्रमाणपत्रावर देणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय घरात घोषणा करू नका.

गोव्यात ऑपरेशन विजयचा घोळ ठरलेलाच. माझ्याकडे ऑपरेशन विजय मेडल आहे म्हटलं की शेजारी विचारतात, "एकसष्ट साली तुझो जल्म तरी जाल्लो?" हे मेडल १९९९ च्या कारगिलचं. गोवा मुक्तीच्या कारवाईचं नावही तेच होतं, पण तिच्यासाठी १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल आणि रिबनीवर 'गोवा १९६१' ची आडवी पट्टी दिली गेली. त्या मेडलावर शिवाजी महाराजांची भवानी तलवार आहे, तेव्हा ओळखायला वेळ लागू नये. १९७१ चं असेल तर पूर्वेला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल.

लावण्याचा क्रम पाहणाऱ्याच्या डावीकडून सुरू होतो. आधी शौर्य आणि विशिष्ट सेवेची, मग मोहिमांची, मग वर्धापनदिनाची आणि दीर्घ सेवेची, शेवटी परदेशी. आजीचा गणवेशातला फोटो असेल तर त्यातल्या रिबनी मोजून ताडून घ्या. एखादं हरवलं असेल तर पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात आधी विचारा. डिस्चार्जचे कागद किंवा पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) बरोबर न्या. दिल्ली छावणीच्या गोपीनाथ बाजारात प्रतिकृती आणि रिबनी मिळतात. प्रतिकृती घेतलीत तर मागे 'प्रतिकृती' असं लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या पिढीत भांडण. आजीची मेडलं नातवंडांनी लावायची असतील तर छातीच्या उजव्या बाजूला, आणि तीही युद्धस्मारकासारख्या ठिकाणी मानवंदना देताना. सैन्याने २०१९ मध्ये तशी मुभा दिली आहे. लग्नात मिरवायला नव्हे.

आणि आपला पाऊस. मेडलं वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर बँड लावू नका (चांदी काळी पडते), डांबराच्या गोळ्या टाकू नका, रिबन धुऊ नका. पांढऱ्या सुती कपड्यात एकेक सुटं गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि जून ते सप्टेंबर त्या बदलत राहा. फ्रेम करायचीच असेल तर पावसाचा झोत येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, आणि सुताराला सांगा की मेडलं गोंदाने चिकटवायची नाहीत, दोऱ्याने टाचायची. डब्यात एक कार्ड ठेवा: माहेरचं पूर्ण नाव, सासरचं नाव, नंबर, हुद्दा, प्रत्येक मेडलाचं नाव. पेनाची शाई ओलीने पसरते, म्हणून पेन्सिलीने लिहा. कार्डाचा फोटो मावशीकडे, मामाकडेही पाठवून ठेवा.