फौजेतून सुटल्यावर अपंगत्व पेन्शनचा दावा कसा मांडावा

फौज सोडताना शेवटचं मेडिकल बोर्ड बसतं. त्याचा अहवाल एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर लिहिला जातो आणि सगळा दावा याच कागदावर उभा राहतो किंवा पडतो. आधी त्यातल्या दोनच गोष्टी बघा. अपंगत्व किती टक्के धरलंय, ही पहिली. आजार किंवा इजा सेवेमुळे झाली, किंवा किमान सेवेमुळे बळावली, असं बोर्डाने मान्य केलंय का, ही दुसरी. २० टक्के किंवा त्याहून जास्त आणि दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’, असं असेल तर रेकॉर्ड ऑफिस (जवानांचे सेवा-कागद सांभाळणारं कार्यालय) पुढची कारवाई आपणहून करतं. खरी अडचण येते ती दुसऱ्या रकान्यात ‘एनएएनए’ लिहिलेलं असतं तेव्हा. म्हणजे सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. ब्लडप्रेशर, मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार यांत हा शेरा हमखास दिसतो.

अजून नोकरीत असाल तर बोर्डापुढे जाण्याआधीच तयारी करा. वैयक्तिक निवेदनाच्या भागात प्रत्येक पोस्टिंगचं ठिकाण आणि तारखा नीट भरा. फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेची पोस्टिंग), हाय अल्टिट्यूड, काउंटर इन्सर्जन्सी (बंडखोरीविरोधी मोहीम) असा भाग असेल तर तो स्पष्ट लिहा. आजार पहिल्यांदा कुठे आणि कधी दिसला ही तारीख हॉस्पिटलच्या कागदाशी जुळलीच पाहिजे. बोर्ड बऱ्याचदा ‘सुरुवात पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) झाली’ एवढ्याच कारणावर नकार देतं. निदान पीस स्टेशनला झालं, पण त्याआधीची दोन-तीन वर्षं फील्डमध्ये गेली असतील, तर ते निवेदनात दिसायला हवं. फॉर्मवर सही करण्याआधी वाचा आणि प्रत मागून घ्या.

आता कागद. एएफएमएसएफ-१६ शिवाय भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म, मेडिकल कॅटेगरी खाली आली त्या प्रत्येक बोर्डाचा एएफएमएसएफ-१५, मिलिटरी हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपा, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) लागतात. इजा असेल तर आयएएफवाय-२००६ हा इजेचा अहवाल आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेची अंतर्गत चौकशी) झाली असल्यास तिचे निष्कर्ष. सुट्टीवर असताना अपघात झाला की दावा नाजूक होतो, कारण इजेचा ड्युटीशी काहीतरी धागा दाखवावा लागतो. हृदयविकारात झटक्याच्या आधीच्या १४ दिवसांत काय ड्युटी केली याचा तक्ता युनिटकडून घेतला जातो. तो फाइलीत आहे का ते आवर्जून तपासा. हा तक्ता कोरा किंवा मोघम असेल तर सेवेचा ताण सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

यातलं जे हाताशी नाही ते रेकॉर्ड ऑफिसकडून मिळवायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, नौदलाच्या सेलर्सचं मानखुर्दला. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्जात ‘माझे सर्व कागद द्या’ असं लिहू नका, फॉर्मचं नाव आणि बोर्डाची तारीख घालून एकेक कागद मागा. पेन्शन नसलेल्यांच्या सेवा-कागदपत्रांना तर २५ वर्षांनंतर नष्ट केलं जातं, त्यामुळे त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

भरतीचा वैद्यकीय फॉर्म लोक फारसा मागत नाहीत, आणि तोच सगळ्यात उपयोगी. २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरावं; नंतरचा आजार सेवेमुळे नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर, आणि बोर्डाने त्याची कारणं द्यायला हवीत. म्हणून अपिलात मुद्दे असे लावा: भरतीवेळी काही नोंद नव्हती, इतक्या वर्षांनी अमुक ठिकाणी आजार निघाला, त्याआधी या-या पोस्टिंग्ज होत्या, बोर्डाने कारण न देता नकार दिला. ‘नोकरीत खूप ताण होता’ या वाक्याने काही साधत नाही. खासगी डॉक्टरचा दाखलाही सेवेशी संबंध सिद्ध करत नाही. आजची अवस्था दाखवण्यापुरता त्याचा उपयोग.

नकाराचं पत्र आल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर त्या पत्रापासून ६ महिन्यांत दुसरं. दोन्ही रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातात. पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाला थेट लिहून काही होत नाही, बोर्डाचं मत बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि आलेल्या पत्राचं पाकीटही जपा. उशीर झाला असेल तर कारण पहिल्याच परिच्छेदात लिहा. मसुद्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. अपिलावर ६ महिने काहीच निर्णय आला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. फार जुना दावा मंजूर झाला तरी थकबाकी सहसा अर्जाआधीच्या ३ वर्षांचीच मिळते.

रकमेचा हिशेब साधा आहे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या, म्हणजे मूळ वेतन अधिक मिलिटरी सर्व्हिस पे वगैरेच्या, ३० टक्के. वेतन ५०,००० धरलं तर १५,०००. २० टक्क्यांना ३,०००. पण राउंडिंग ऑफ लागू झालं की ५० च्या खालचे ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५ आणि त्यावरचे १००. मग त्याच माणसाला ७,५०० मिळतात, वर महागाई सवलत वेगळी. आधी हा लाभ मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवून मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच होता. २०१४ च्या राम अवतार निकालाने नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू केला. सेवेशी संबंध मान्य झालेल्या जुन्या पेन्शनरांनी आपल्या पीपीओत मूळ टक्केवारी दिसते की वाढवलेली, हे बघावं. मूळच असेल तर राउंडिंग ऑफसाठी रेकॉर्ड ऑफिसला वेगळा अर्ज करावा.

मित्राचं जुनं अपील नक्कल करण्याआधी तारीख तपासा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट (पेन्शन-पात्रतेचे) नियम आले आहेत आणि नोकरी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याच्या लाभाचं नावच आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांना त्या-त्या वेळचे, म्हणजे २००८ चे किंवा १९८२ चे नियम लागतात. अपिलात चुकीच्या वर्षाचा नियम लिहिला की उत्तर देणाऱ्याला मूळ मुद्दा टाळून तेवढ्यावरच बोट ठेवता येतं.