हातापायांतील डेस्मॉइड गाठ: निदान आणि उपचार कसे करावेत

दिवसभर यंत्रमागावर बीम आणि कापडाचे गठ्ठे उचलणाऱ्या सोलापूरच्या कामगाराच्या खांद्यात घट्ट गाठ आली, तर पहिले काही महिने बहुधा मलम आणि शेक यांतच जातात. नंतर कोणीतरी ती ‘चरबीची गाठ’ आहे असे सांगतो आणि लहानशा शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो. खरी चूक होते ती इथे. अशी गाठ कधी कधी डेस्मॉइड, म्हणजे स्नायूंच्या आवरणासारख्या तंतुमय ऊतीतून वाढणारी गाठ, असू शकते. ती शरीरात दूरवर पसरत नाही, म्हणून तिला रूढ अर्थाने कर्करोग म्हणत नाहीत. मात्र ती आजूबाजूच्या स्नायूंत, नसांत आणि रक्तवाहिन्यांभोवती शिरत जाते आणि अर्धवट काढली गेल्यास त्याच जागी पुन्हा उगवू शकते. ती अत्यंत दुर्मीळ असल्यामुळे अनेक डॉक्टरांनी ती प्रत्यक्ष पाहिलेलीही नसते.

फॅमिली डॉक्टरांना दवाखान्यातच करता येण्याजोगी एक तपासणी आहे. स्नायू सैल असताना गाठ बोटांनी आडवी हलवून पाहावी आणि नंतर रुग्णाला तोच स्नायू ताणून घट्ट करायला सांगावे. आधी थोडी हलणारी गाठ आता जागच्या जागी रुतून बसली, तर ती त्वचेखालच्या चरबीत नसून खोल स्नायूत किंवा स्नायूच्या आवरणाला धरून असण्याची शक्यता मोठी असते. अशी खोल गाठ, तसेच ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा वाढत जाणारी कोणतीही गाठ, एमआरआय केल्याशिवाय कापू नये.

एमआरआय कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारे औषध) देऊन आणि बायॉप्सीच्या आधी करावा, कारण सुई टोचल्यानंतरचा रक्तस्राव आणि सूज चित्र गढूळ करतात. गाठीतले काळे पट्टे आणि स्नायूच्या आवरणावरून सरकत गेलेली शेपटीसारखी रेषा डेस्मॉइडकडे बोट दाखवतात, पण निदान पक्के होते ते ऊतीच्या तुकड्यावरच. एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईने केलेल्या तपासणीत, मिळणाऱ्या मोजक्या पेशी त्यासाठी पुरत नाहीत. जाड सुईने ऊतीचा तुकडा काढणारी कोअर बायॉप्सीच हवी, आणि सुईची वाट पुढे शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या सर्जनच्या सल्ल्याने ठरवलेली असावी. सुई लावली की गाठ भडकते, ही भीती घरोघरी ऐकू येते. तिच्यापायी बायॉप्सी टाळून थेट चाकू लावणे हे त्याहून कितीतरी अधिक धोक्याचे आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशींचे जुडगे दिसतात आणि बहुतेक गाठींत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीकेंद्रकात सापडते. ते सापडले नाही म्हणून डेस्मॉइड नाकारता येत नाही. अशा वेळी सीटीएनएनबी१ या जनुकाची तपासणी उपयोगी पडते. कमी तीव्रतेचा सार्कोमा (स्नायू, हाडे अशा ऊतींचा कर्करोग) आणि डेस्मॉइड यांची गल्लत होऊ शकते, म्हणून दुसरे मत घ्यावेच. त्यासाठी केवळ रिपोर्ट नव्हे, तर ऊतीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाईड मागून घेऊन बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात किंवा परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवावे. या जनुकात बदल आढळला नाही, किंवा घराण्यात आतड्याच्या गाठींचा इतिहास असेल, तर कोलोनोस्कोपीचा (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने तपासणीचा) विचार करावा, कारण डेस्मॉइड कधी कधी आतड्याच्या आनुवंशिक आजारासोबत येते.

निदान पक्के झाल्यावर पहिली पायरी बहुतेकदा लक्ष ठेवून थांबण्याची असते. नातेवाइकांना हे पटवणे अवघड जाते, तरी पुरावा बोलका आहे: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत ज्यांना औषध न देता निष्क्रिय गोळी दिली होती, त्यांच्यापैकीही २० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. निदानानंतरचा पहिला एमआरआय एक-दोन महिन्यांनी, मग वर्षभर साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहा महिन्यांनी करावा. शक्यतो त्याच केंद्रात, आणि प्रत्येक वेळची सीडी जपून ठेवावी.

लागोपाठच्या तपासण्यांत वाढ दिसली, वेदना आवरेना, किंवा महत्त्वाची नस धोक्यात आली, तर उपचार सुरू करावेत, आणि तेही आधी औषधांनी. मेथोट्रेक्सेट व विनब्लास्टिन ही जुनी जोडी आजही उपयोगी आहे. सोराफेनिबने तळहात-तळपायांची कातडी सोलवटू शकते. विडी वळणाऱ्या बाईसाठी हा दुष्परिणाम रोजीरोटीचाच प्रश्न ठरतो, तेव्हा तिचे काम विचारूनच औषध निवडावे. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या निरोगासेस्टॅटमुळे तरुण स्त्रियांच्या अंडाशयाचे कार्य बिघडू शकते. या औषधांच्या काळात गर्भधारणा टाळायला हवी, हे लग्न ठरलेल्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावे.

शस्त्रक्रिया हातापायाचे काम शाबूत राहणार असेल तरच करावी. या गाठीसाठी अवयव कापण्याची वेळ क्वचितच येते. रेडिएशनची मात्रा साधारणपणे २८ बैठकांत ५६ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) असते, पण तरुणांत पुढे होऊ शकणाऱ्या दुष्परिणामांमुळे ते शक्यतो टाळतात.

थांबण्याच्या काळातही फिजिओथेरपी चालू ठेवावी आणि दर भेटीत सांधा किती अंशांत वाकतो ते मोजून केसपेपरवर लिहावे. गाठ तेवढीच असूनही सांध्याचे वाकणे कमी होत असेल, तर उपचाराचा निर्णय पुढच्या एमआरआयपर्यंत लांबवू नये.