क्लायंटसाठी एसएफटीपी सर्व्हर: परवानग्या देताना या चुका टाळा

क्लायंटचा निरोप येतो, "फाइल चढत नाहीये." आपण घाईत असतो आणि हात आपसूक सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा देणाऱ्या कमांडकडे वळतो. मीही हे केलं आहे, म्हणून कळकळीनं सांगतो: ओपनएसएसएच या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या एसएफटीपीवर (सुरक्षित फाइल देवाणघेवाणीची सोय) या कमांडमुळे बऱ्याचदा जे चालू होतं तेही बंद पडतं.

क्लायंटला दुसऱ्यांच्या फाइल दिसू नयेत म्हणून आपण त्याला सीएचरूटनं एका फोल्डरमध्ये बांधून ठेवतो. तो फोल्डर आणि त्याच्या वरचा, अगदी मुळापर्यंतचा, प्रत्येक फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याच्या, मालकीचा हवा. ग्रुपला किंवा इतरांना तिथे लिहायची मुभा नसावी. ही अट मोडली की पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन लगेच तुटतं. क्लायंटला वाटतं पासवर्डच चुकीचा आहे, आणि आपणही तो बदलून देत बसतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर सीएचरूट डिरेक्टरी' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून परवानगीला हात लावण्याआधी जर्नलसीटीएल कमांडनं हा लॉग उघडा.

यावर उपाय साधा आहे. बाहेरचा फोल्डर रूटचा ठेवा, परवानगी ७५५ (लिहायची मुभा फक्त मालकाला, बाकीच्यांना वाचायची आणि आत जायची). त्याच्या आत 'अपलोड' असा वेगळा फोल्डर करून तो क्लायंटच्या खात्याच्या नावे करा. नेमकी कोणत्या पायरीवर गडबड आहे हे समजत नसेल, तर नेमआय कमांड एल पर्यायासह चालवा. मुळापासून प्रत्येक फोल्डरची मालकी आणि परवानगी एकाखाली एक दिसते.

७७७ चा फटका एवढ्यावर थांबत नाही. होम फोल्डर सगळ्यांना लिहिता येईल असा झाला, की एसएसएच सर्व्हर त्यातल्या किल्ल्यांवर (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरतात त्या 'की') विश्वास ठेवत नाही आणि कालपर्यंत चालणारी की नाकारतो. किल्ल्यांचा डॉट-एसएसएच फोल्डर ७०० आणि त्यातली ऑथराइज्ड-कीज फाइल ६०० (दोन्हींत मुभा फक्त मालकाला) ठेवा, दोन्ही त्या खात्याच्याच मालकीचे.

दुसरी तक्रार आपल्याच लोकांची असते: क्लायंटनं फाइल टाकली, पण आम्हाला उघडत नाही. इथे अपलोड फोल्डरला दोघांचा सामायिक ग्रुप द्या आणि परवानगी २७७० (मालकाला आणि ग्रुपला सगळी मुभा, इतरांना काहीच नाही) करा. सुरुवातीच्या २ मुळे आत येणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होते. इंटर्नल-एसएफटीपीला (ओपनएसएसएचमधलाच एसएफटीपी सर्व्हर) यू पर्यायानं ०००७ हा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलवरून कोणत्या परवानग्या काढायच्या हे सांगणारा आकडा, द्या. तरीही काही फाइल बंदच राहतील, आणि इथे अनेक जण चक्रावतात. यूमास्क परवानगी फक्त काढून घेतो, वाढवून देत नाही. क्लायंटच्या मशीनवर फाइल ६०० असेल आणि त्याचं सॉफ्टवेअर तीच परवानगी सोबत पाठवत असेल, तर इथेही ती ६०० म्हणूनच उतरते. मग त्यालाच सेटिंग बदलायला सांगावं लागतं.

"फाइल रीड-ओन्ली केली होती, तरी त्यानं डिलीट केली कशी?" हाही नेहमीचा प्रश्न. लिनक्सवर फाइल पुसण्याचा हक्क ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवर ठरतो. फक्त वाचायला द्यायच्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि तिथे क्लायंटला लिहायची परवानगीच देऊ नका.

क्लायंटला फक्त फाइलींची देवाणघेवाण करू देणारं फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी लावलं, पण पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरमार्फत दुसऱ्या मशीनशी जोडणी करायची सोय) चालूच राहिलं, ही चूक सहज लक्षात येत नाही. शेल, म्हणजे कमांड चालवायची सोय, नसलेला क्लायंटसुद्धा त्या वाटेनं तुमच्या आतल्या नेटवर्कपर्यंत पोहोचू शकतो. कॉन्फिग फाइलमधल्या त्या क्लायंटच्या मॅच ब्लॉकमध्ये (फक्त त्याला लागू होणाऱ्या सेटिंगचा भाग) अलाउ-टीसीपी-फॉरवर्डिंग 'नो' करा.

बदल केल्यावर एसएसएचडी (एसएसएच सर्व्हर) टी पर्यायासह चालवून पाहा, पण त्यानं कॉन्फिग फाइल तपासली जाते, फोल्डरची मालकी नाही. म्हणून स्वतःचं चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून क्लायंटच्याच खात्यानं लॉगिन करा. एक फाइल चढवा, उतरवा, पुसा, आणि शेजारच्या क्लायंटचा फोल्डर उघडण्याचा प्रयत्नही करून बघा.