जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये म्युझिक सिस्टीम बसवताय? या चुका टाळा

मुंबईत जुनी एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर किंवा असलीच एखादी दोन सीटांची गाडी सांभाळणारे लोक तसे थोडेच, पण जे आहेत त्यांच्या गप्पा कार्ब्युरेटरवरून सुरू झाल्या की थोड्या वेळाने गाण्यांवर येतातच. गाडी छान सुटलीय, रविवारी पहाटे मरीन ड्राइव्ह मोकळा असतो, मग गाणी का नकोत? आणि मग गाडी थेट एखाद्या कार डेकोरवाल्याकडे जाते. तिथल्या पोरांचा हात चांगला असतो, नव्या गाड्या ते डोळे मिटून करतात, पण त्यांच्या हिशोबात लाल वायर म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे बॉडी, विषय संपला. "हो जाएगा साब" म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत होतंही. पंधरा दिवसांनी आवाजात किर्रर्र सुरू होतं, महिन्याने बॅटरी बसते, आणि मालक म्हणतो स्पीकरच भिकार होते.

स्पीकर बहुतेक वेळा ठीकच असतात. जुन्या गाडीतला आवाज वायरिंग बिघडवतं, म्हणून खरेदीला जायच्या आधी मल्टिमीटर घेऊन गाडीपाशी जा.

बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते न बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. एमजीबी १९६२ मध्ये आली आणि १९६७ च्या शेवटापर्यंत अशीच होती. आजच्या कुठल्याही स्टिरिओची बाहेरची पत्र्याची पेटी आणि अँटेनाच्या वायरची जाळी दोन्ही मायनसला असतात. आता असा स्टिरिओ वायरी उलट्या करून पॉझिटिव्ह अर्थ गाडीत लावला आणि त्याची पेटी डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीला टेकली की सरळ शॉर्ट. रबर लावून, टेप गुंडाळून चालवणारे आहेत, पण अँटेनाचं बूड पत्र्याला टेकतंच की, आणि तिथून धूर निघतो.

यावर रस्ते दोन. एक म्हणजे आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर लावायचा, ज्यात आत येणारा आणि बाहेर जाणारा करंट एकमेकांना कुठेच जोडलेला नसतो. आयसोलेटेड हा शब्द दुकानात दोनदा विचारून घ्या, साधा कन्व्हर्टर इथे उपयोगाचा नाही. दुसरा म्हणजे गाडीच निगेटिव्ह अर्थ करून घ्यायची, आणि माझं मत विचाराल तर हेच बरं, कारण उद्या जीपीएस, चार्जर, काहीही लावायचं तरी कटकट संपते. पण नुसत्या बॅटरीच्या वायरी फिरवून भागत नाही. इग्निशन कॉईलवरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, नाहीतर स्पार्क कमजोर पडतो. डायनॅमोची, म्हणजे इंजिनवर फिरून करंट बनवणाऱ्या यंत्राची, पोलॅरिटी बदलायची, म्हणजे त्याच्या दोन्ही वायरी काढून बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाची एक वायर त्याच्या एफ टर्मिनलला क्षणभर टेकवायची, तीन-चार वेळा, ठिणगी उडते त्याला घाबरू नका. अँमीटर असेल तर उलटा दाखवेल, त्याच्या वायरी फिरवा. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर असेल तर त्याला आतून काम लागतं, तो जाणकाराकडे न देता फिरवलात तर गेला.

आणि हो, गाडी १९६५ ची आहे म्हणजे पॉझिटिव्ह अर्थच असणार असं धरून चालू नका. मधल्या साठ वर्षांत कोणी काय करून ठेवलंय सांगता येत नाही. मीटरचं एक टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला, दुसरं आधी बॅटरीच्या एका आणि मग दुसऱ्या टोकाला लावा. जिथे शून्य दाखवेल ते टोक बॉडीला आहे. झालं.

करंट किती बनतो याचा हिशोब न करणं

जुन्या एमजीबीत लुकासचा सी४० डायनॅमो असतो, तो फार तर २२ अँपिअर देतो, तेही इंजिन जोरात फिरत असताना. हेडलाइट, टेललाइट, वायपर आणि इग्निशन मिळून त्यातला मोठा हिस्सा आधीच खातात. आणि आयडलिंगला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. म्हणूनच हाजी अलीच्या सिग्नलला थांबलं की डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो, ते बिघाड नाही, ती त्याची जात आहे. आता यात चार चॅनलचा, चॅनलमागे खरोखरचे ५० वॉट देणारा जुन्या पद्धतीचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, लावलात तर पूर्ण आवाजात तो एकटा ३० अँपिअर मागू शकतो. पावसाळ्यात, रात्री, दादर टीटीला ट्रॅफिकमध्ये, वायपर चालू आणि वर गाणी, म्हणजे तुम्ही बॅटरी पिऊन गाणी ऐकताय.

दुकानदार इथे तो चकचकीत एक फॅराडचा कपॅसिटर गळ्यात मारतात. कपॅसिटर करंट बनवत नाही हो, तो फक्त क्षणभर साठवतो आणि परत मागतो.

मग करायचं काय, तर क्लास डी प्रकारचा छोटा अँप घ्या, तो तेवढ्याच आवाजाला बराच कमी करंट खातो आणि आकाराने पुस्तकाएवढा असतो. नुसत्या स्टिरिओवर भागवलंत तरी हरकत नाही, खोक्यावर चार गुणिले पन्नास वॉट छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात चॅनलमागे पंधरा-वीसच मिळतात, म्हणजे खाणंही तेवढंच कमी. आणि स्पीकर घेताना वॉट नका बघू, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते. तीन डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे निम्म्या पॉवरमध्ये तोच आवाज. ८८ आणि ९१ दिसायला किरकोळ फरक वाटतो, डायनॅमोच्या गाडीत तो सोन्यासारखा आहे. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावायचा पर्यायही आहेच, स्वतः एमजीनेच १९६७ नंतर तो लावला. पण ओरिजिनल गाडीचं वेड असेल तर जुना डायनॅमो जपून ठेवा, विकू नका.

स्वस्त वायर आणि बिनफ्यूजची लाइन

बाजारात जो तयार "अँप किट" मिळतो त्यातली जाडजूड पारदर्शक वायर बऱ्याचदा तांब्याची नसतेच, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या. आणि आपल्याकडे समुद्राची हवा, असली वायर थिंबलपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडापाशी, पांढरी भुकटी होऊन सुटते. शक्य असेल तर बोटींसाठीची, कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या, जोडावर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवा. काळी इन्सुलेशन टेप मे महिन्यात वितळून चिकट होते आणि जून-जुलैत सुटते, ती विसराच.

जाडीचं सांगायचं तर पाच मीटर लांब, ४ स्क्वेअर एमएमच्या शुद्ध तांब्यातून ३० अँपिअर नेलेत तर साधारण पाऊण व्होल्ट वाटेतच जातो, १६ स्क्वेअर एमएममध्ये तोच पाव व्होल्टाच्याही खाली येतो. एमजीबीवाल्यांची इथे मजा आहे, बॅटरी सीटच्या मागेच असते, त्यामुळे अँप मागे लावला तर वायर हातभरच लागते.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, अँपजवळ नव्हे. तो अँप वाचवायला नसतो, बॅटरी ते अँप या मधल्या वायरीला आग लागू नये म्हणून असतो. आणि गाडीच्या जुन्या फ्यूजबॉक्समधून करंट चोरू नका, त्यात मोजून दोन-चार फ्यूज, त्यावर आधीच अर्धी गाडी लटकलेली असते.

आवाजात किरकिर आली की सगळंच बदलत सुटणं

इथे खरे पैसे वाया जातात. आधी स्टिरिओ बदलतात, मग अँप, मग आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओतून अँपकडे सिग्नल नेणारी. त्याऐवजी ऐका, कुठला आवाज कधी येतो ते.

पहिली परीक्षा, किरकिर फक्त रेडिओवर येते की ब्लूटूथवरही? फक्त रेडिओवर असेल तर ती अँटेनातून येतेय. मडगार्डखाली अँटेनाचं बूड जिथे बसतं तिथला रंग-गंज घासून चकचकीत पत्रा काढा, घट्ट करा, वर व्हॅसलीन लावा. लोटस एलानसारखी फायबरची बॉडी असेल तर पत्राच नाही, तिथे अँटेनाखाली धातूची पट्टी द्यावी लागते आणि प्रत्येक गोष्टीला परतीची वायर वेगळी ओढावी लागते. किरकिर सगळीकडेच येत असेल तर ती करंटच्या किंवा अर्थिंगच्या वाटेने येतेय.

आता ॲक्सिलरेटर हळूच दाबा. टिकटिक वाढत गेली तर इग्निशन. जुन्या तांब्याच्या प्लग वायरींऐवजी रेझिस्टन्सवाल्या लावा किंवा सप्रेसर कॅप घाला. कॉईलवर एक मायक्रोफॅराडचा कंडेन्सर लावतात, तो इग्निशन स्विचकडून येणाऱ्या टोकालाच. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला लावला तर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं, म्हणजे स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काचं, गणित बिघडतं आणि गाडी मिसिंग मारायला लागते, मग लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. टिकटिकऐवजी शिट्टीसारखा सूर चढत असेल तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर. डायनॅमोच्या मोठ्या, म्हणजे डी टर्मिनलला कंडेन्सर चालतो, छोट्या एफ टर्मिनलला कधीच नाही. आणि इंजिन बंद, नुसती चावी फिरवल्यावर टक-टक-टक येऊन थांबत असेल तर तो एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप, बिचारा त्याचं काम करतोय, त्यालाही कंडेन्सर द्या.

शिट्टीचं आणखी एक कारण अगदी फालतू असतं. फोन चार्जिंगला लावलाय आणि त्याच फोनला ऑक्सची वायर. चार्जर उपटा, शिट्टी गेली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे मायनसला दोन वाटा झाल्यात, ब्लूटूथवर या आणि सुखी व्हा.

एक गोष्ट मात्र गंभीर. माटुंग्याच्या एका काकांच्या गाडीत स्टार्टर मारला की आरसीए केबल गरम व्हायची, दोन केबल जळाल्या, दुकानदार नवीन देत राहिला. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चोकची वायर हाताला लावून बघितली, तीही गरम. बॉनेट उघडून तो खाली वाकला आणि इंजिन ते बॉडीची विणलेली अर्थ पट्टी बोटाने उचलून दाखवली, एका टोकाला हिरवी पूड, दुसऱ्या टोकाला चार तारा शिल्लक. इंजिनचा अर्थ तुटलेला, त्यामुळे स्टार्टरचा प्रचंड करंट जी मिळेल ती वाट पकडून परत जात होता, त्यात काकांची आरसीए. "काका, गाना बाद में, पहले ये पट्टी," एवढंच तो म्हणाला. पट्टी कितीची, तर एका केबलपेक्षाही स्वस्त.

डॅशबोर्ड कापणं

नका कापू. आजच्या स्टिरिओचं तोंड साधारण १८२ बाय ५३ मिलीमीटर, जुन्या रेडिओची जागा म्हणजे दोन नॉबची भोकं आणि मधे छोटी खिडकी. ते बसवायला कोणीतरी जिगसॉ काढतो आणि पन्नास वर्षं टिकलेला पत्रा पाच मिनिटांत जातो, गाडीच्या किमतीतून किती गेले ते विकताना कळतं. ब्लूटूथ घेणारा छोटा अँप ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा सीटमागे लपवा, फोन हाच स्टिरिओ. जुनंच रूप हवं असेल तर दोन नॉबचे नवे रेडिओ मिळतात, पोर्शनेसुद्धा जुन्या ९११ साठी असा काढलाय. चोर बाजारात जुना बेकर किंवा ब्लाउपुंक्ट कंपनीचा रेडिओ हाती लागला तर तो दर्शनी ठेवा, चालला तर मिडियम वेव्हवर आकाशवाणी ऐका, मजा वेगळीच.

जुना एकच स्पीकर डॅशमध्ये असेल तर डावी-उजवी वायर एकत्र पिळून त्याला जोडू नका, स्टिरिओचं आउटपुट उडतं. दोन व्हॉइस कॉईलचा एक स्पीकर मिळतो, तो लावा. तसंच जुन्या गाड्यांत स्पीकरचा मायनस बॉडीला दिलेला असतो, नव्या स्टिरिओला ते अजिबात चालत नाही, दोन्ही वायरी सुट्या न्या.

उघड्या गाडीत बेसच्या मागे लागणं

टप खाली केला की खालचा बेस वाऱ्यात जातो, इंजिन आणि सायलेन्सरचा आवाज त्याच पट्टीत असतो. डिकीत सबवूफर टाकून डिकीच थरथरते, तुम्हाला ऐकू येत नाही. पायापाशी, किक पॅनलमध्ये, दोन चांगले पाच-सव्वापाच इंची स्पीकर पुरतात. दारात लावायचे असतील तर आधी काच पूर्ण खाली घेऊन मागे किती जागा उरते ते मोजा. बेस अगदीच पोकळ वाटला तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या असतील, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टेकवा, प्लसला प्लस असताना कोन बाहेर यायला हवा.

पावसाळा विसरणं

कागदी कोनचे स्पीकर इथे दोन पावसाळ्यांत मऊ पडतात, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. अँप सीटखाली फरशीवर नको, कापडी टप गळतोच आणि पाणी कार्पेटखाली साठतं. फरशीवर डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट, चिकटवू नका, खाली ओल अडकून पत्रा सडतो, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं शीटने बुजवू नका.

जून ते सप्टेंबर गाडी कव्हरखाली असते, तेव्हा स्टिरिओची मेमरी वायर आणि चालू राहिलेला अँप बॅटरी पितात. नुसते ५० मिलिअँपिअर जात असतील तरी महिन्यात ३६ अँपिअर-तास, म्हणजे छोटी बॅटरी गेलीच. अँपची रिमोट वायर, म्हणजे त्याला चालू-बंद करणारी, इग्निशनवर घ्या, आणि बॅटरीला कटऑफ स्विच बसवा. स्विच बॅटरीच्या अर्थ टोकाला असेल तर अँपची अर्थ वायर थेट बॅटरीवर न नेता स्विचच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडा, नाहीतर स्विच बंद करूनही करंट त्या वायरीतून जातच राहतो.