ओव्हरसाइझ परमिटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत ठरलेल्या मापापेक्षा मोठा किंवा जड माल ट्रकने न्यायचा तर राज्याची खास परवानगी, म्हणजे ओव्हरसाइझ परमिट लागतं. ट्रकिंग कंपनीत ही परमिटं काढणाऱ्या डेस्कवर नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "एवढ्या राज्यांचे नियम लक्षात कसे ठेवायचे?" ठेवूच नका. नियम बदलत राहतात आणि प्रत्येक राज्याच्या साइटवर ते बघता येतात. मी इतकी वर्षं हे काम करतेय, तरी अर्ज भरताना त्या राज्याचं पान उघडून बघतेच. लावून घ्यायची ती एकच सवय: लोडची मापं खात्रीची असल्याशिवाय अर्जाला हात लावायचा नाही.

आधी गाडीचे नेहमीचे कागद. यूएसडॉट नंबर (केंद्राच्या वाहतूक खात्याकडचा कंपनीचा नोंदणी क्रमांक), दुसऱ्याचा माल भाड्याने नेत असाल तर ऑपरेटिंग ऑथॉरिटी, म्हणजे तसा धंदा करायचा केंद्राचा परवाना, आणि यूसीआर, म्हणजे आंतरराज्य वाहतूकदारांची दरवर्षीची नोंदणी. वजन २६,००० पौंडांच्या वर किंवा गाडीला तीन किंवा जास्त एक्सल (चाकांचे आस), आणि धंदा एकाहून जास्त राज्यांत, की आयआरपीची प्लेट (सगळ्या राज्यांना मिळून एकच नोंदणी) आणि राज्यांचा इंधनकर एकत्र भरण्यासाठी इफ्टा आलंच. इफ्टाचा हिशोब दर तिमाहीला द्यावा लागतो. ५५,००० पौंडांपासून पुढच्या गाड्यांना केंद्राच्या जड वाहन कराचा २२९० फॉर्मही भरावा लागतो, त्याची पावती नसेल तर प्लेटचं नूतनीकरण अडतं. शिवाय न्यूयॉर्क, केंटकी, न्यू मेक्सिको, ओरेगन आणि २०२३ पासून कनेक्टिकट ही राज्यं जड गाड्यांकडून अंतरानुसार वेगळा कर घेतात. नवखे लोक हाच भाग विसरतात, आणि ओव्हरसाइझ परमिट हातात असूनही गाडी वजनकाट्यावर अडकते.

आता मुख्य विषय. आंतरराज्य महामार्गांवर एकूण वजन ८०,००० पौंड, एका एक्सलवर २०,०००, टँडमवर (जवळजवळ असलेल्या एक्सलच्या जोडीवर) ३४,००० आणि रुंदी ८ फूट ६ इंच, या मर्यादा केंद्राच्या. उंचीची मर्यादा मात्र केंद्राने घातलेलीच नाही. पूर्वेकडे बहुतेक ठिकाणी १३ फूट ६ इंच चालते, पश्चिमेकडे बऱ्याच राज्यांत १४ फूट. मर्यादेबाहेरच्या लोडला परमिट देणं हे पूर्णपणे राज्याचं काम. सगळ्या देशाला चालेल असं एकच परमिट मिळत नाही, सहसा वाटेत जितकी राज्यं तितके अर्ज.

मापांचं बघा. माल पाठवणारा म्हणतो, "एक्स्कॅव्हेटर ११ फूट २ इंच." ही झाली मशीनची उंची. जमिनीपासून दीड फुटावर डेक असलेल्या लोबॉयवर (खूप खालच्या ट्रेलरवर) ती १२ फूट ८ इंच होते, उंचीसाठी परमिट लागत नाही. तेच मशीन ३ फूट ४ इंच उंचीच्या स्टेप डेकवर (पायरीसारख्या, जास्त उंच ट्रेलरवर) चढवलं की १४ फूट ६ इंच! ट्रेलर बदलला की अख्खा अर्ज बदलतो. म्हणून मशीन चढवून, साखळ्या आवळून झाल्यावर ड्रायव्हरने टेप लावून मोजायचं आणि टेपचा फोटो पाठवायचा, असा माझा आग्रह असतो. बूमची (मशीनच्या लांब हाताची) पिन, आरसे, बाहेर आलेले बोल्ट, सगळं धरून मोजायचं. कॅटलॉगमधला आकडा मी अर्जात घालत नाही.

जास्त वजनाचं परमिट मागताना माल सुटा करता येतो का, हे विचारलं जातं. केंद्राच्या व्याख्येत आठ कामाच्या तासांपेक्षा जास्त वेळ लागल्याशिवाय जो सुटा होत नाही, किंवा सुटा केल्यावर ज्याचा उपयोग किंवा किंमत जाते, तोच माल अविभाज्य. मशीनची बकेट (माती उचलायचं खोरं) काढून वेगळ्या गाडीत घालता येत असेल तर ती काढा, त्यावर वाद घालत बसू नका.

परमिट आलं की काम संपलं असं समजू नका. त्यातला रूट ओळीने वाचा. २३ मे २०१३ ला वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्ननजवळ आय-५ या आंतरराज्य महामार्गावरच्या स्कॅगिट नदीच्या पुलाला एका ओव्हरसाइझ लोडची धडक बसली आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. दोन गाड्या खाली गेल्या, तिघं जखमी झाले. जीव कोणाचा गेला नाही, हे नशीब. त्या ट्रककडे परमिट होतं. पुढे उंची मोजणारी काठी लावलेली पायलट कारही (लोडच्या पुढे वाट तपासत चालणारी गाडी) होती, पण तिची चालक फोनवर बोलत होती. पुलाचा वरचा सांगाडा कडेला खाली उतरत होता. डावीकडच्या लेनमध्ये ट्रकला पुरेशी उंची मिळाली असती, तो होता उजवीकडच्या लेनमध्ये. राज्याने परमिट दिलं म्हणून वाटेतल्या प्रत्येक पुलाखालून लोड जाईल याची हमी मिळत नाही. उंची तपासायची जबाबदारी गाडी नेणाऱ्याचीच असते. हे प्रत्येक नवीन माणसाला मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

रूटबरोबर अटीही वाचा: दिवसाउजेडीच चालायचं का, शहरातल्या गर्दीच्या वेळा, सुट्टीचे दिवस, एस्कॉर्ट (लोडसोबत चालणारी पायलट कार) पुढे हवा की मागे. राज्याची हद्द ओलांडली की अटी बदलतात. गाडी निघण्याआधी ड्रायव्हरला फोन करून त्याच्याच तोंडून रूट वाचून घ्या, एक्झिट नंबरांसकट. जीपीएस वेगळा रस्ता दाखवत असेल तरी परमिटचाच रस्ता धरायचा, त्याबाहेर परमिट लागू नाही. वाटेत रस्ता बंद निघाला तर ड्रायव्हरने गाडी सुरक्षित जागी लावून आपल्याला कळवायचं, आपण त्या राज्याच्या परमिट ऑफिसकडून रूट बदलून घ्यायचा, आणि सुधारित परमिट त्याच्या हातात पडल्यावरच गाडी पुढे काढायची.