गिटारचा अ‍ॅम्प घेताना वॅट मोजू नका, वाजवून पाहा

आधी वाजवणार कुठे ते ठरवा. फोंड्याच्या फ्लॅटमध्ये रियाजाला ५-१० वॅट आणि आठ इंची स्पीकर भरपूर झाला. लग्नाच्या हॉलमध्ये, फेस्ताला (चर्चच्या सणाला) किंवा कळंगुटच्या शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या खानावळीत) ड्रमबरोबर वाजवायचं असेल तर सॉलिड-स्टेटमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये, ५० वॅट आणि बारा इंची स्पीकर. याहून मोठा घेऊ नका. मोठ्या जागी अ‍ॅम्पसमोर माइक लावतातच.

ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) हवा असेल तर ट्यूब बदलून बायस, म्हणजे ट्यूबमधला करंट, लावून देणारा माणूस आधी शोधा. तो जवळपास नसेल तर सॉलिड-स्टेट किंवा मॉडेलिंग (डिजिटल पद्धतीने निरनिराळ्या अ‍ॅम्पचा आवाज काढणारा) घ्या. बॉस कटानाच्या ५० वॅटवाल्या अ‍ॅम्पला अर्ध्या वॅटवर उतरण्याची सोय आहे. घर आणि शॅक दोन्ही सांभाळायचं असेल त्याला मी तोच सुचवतो.

आता दुकानात वाजवून पाहणं. मला सगळ्यात जड गेलेली पायरी हीच, आणि सगळ्यात वाईट सल्ले मिळतात तेही इथेच. ‘वॅट दुप्पट, आवाज दुप्पट’ हे साफ चूक आहे. २० चे ४० वॅट झाले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. स्पीकर किती कार्यक्षम आहे याचाही मोठा वाटा असतो. म्हणून कागदावरचा आकडा बाजूला ठेवा.

स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जा. दुकानदार गेन (आवाज फाटवणारा नॉब) आणि रिव्हर्ब (घुमारा) चढवून देईल; रिव्हर्ब शून्यावर आणा आणि गेन आवाज स्वच्छ राहील इतका कमी ठेवा, कारण त्यांच्याखाली अ‍ॅम्पचे सगळे दोष झाकले जातात. बास, मिड, ट्रेबल मध्यावर ठेवा. मग ई मेजर कॉर्ड जोरात मारत आवाज वाढवत न्या, ड्रमबरोबर लागेल तिथपर्यंत. इथे बरेच जण संकोचतात. संकोचू नका, पैसे तुमचे आहेत. जाड तारेचा सूर फुटतो का, पेटी खडखडते का, ते ऐका. हळू आवाजात कुठलाही अ‍ॅम्प गोड वाटतो.

आणि कृपा करून उभ्याने निवाडा करू नका. ट्रेबल स्पीकरच्या तोंडासमोर सरळ रेषेत जातो. अ‍ॅम्प जमिनीवर असला की तो तुमच्या गुडघ्यांवर आदळतो, तुम्हाला आवाज दबका वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. तीन-चार मीटर मागे जाऊन स्पीकरच्या उंचीला कान येईल असे बसा. दुसऱ्याला वाजवायला लावा. जो आवाज तिथे आवडेल तोच खरा.

घरघर येत असेल तर केबल अ‍ॅम्पमधून काढा. तरीही राहिली तर दोष अ‍ॅम्पचा किंवा विजेच्या लाइनचा. थांबली तर गिटार किंवा केबल तपासा.

सेकंड-हँड असेल तर मागचं झाकण नीट पाहा. आपल्या पावसाळ्यात जॅक गंजतात, नॉब करकरतात. नॉब कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा सुधारतात. स्पीकरचा कागद फाटलेला असेल तर सोडून द्या.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असू शकतो. पाटी वाचल्याशिवाय आपल्या २३० च्या सॉकेटला लावू नका. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

अर्थिंगबाबत मी कुणाशीही तडजोड करत नाही. जुन्या घरात दोनच भोकांचं सॉकेट असेल म्हणून अ‍ॅम्पची तिसरी पिन काढणं जिवावर बेतू शकतं. माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सगळं पटलं तर घ्या, आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.