ऑडिट फर्ममधील बाळंतपणाची रजा आणि पार्टनरपदाची वाट

ऑडिट फर्ममधील स्त्री सीएची बढती खरी अडते ती बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, कारण तोवर तिचे क्लायंट दुसऱ्याच्या हाताखाली रुळलेले असतात. माझ्या बाबतीत हेच घडले. सात वर्षे सांभाळलेले एका औषध कंपनीचे ऑडिट मी ‘तात्पुरते’ म्हणून सहकाऱ्याकडे सोपवले. परत मागितले तेव्हा ‘आता क्लायंटला त्यांची सवय झाली आहे’ असे उत्तर मिळाले, आणि माझ्याजवळ लेखी असे काहीच नव्हते.

म्हणून रजेवर जाण्यापूर्वी प्रत्येक क्लायंटसाठी एक पान तयार करावे. काम कुठवर आले आहे, कोणते मुद्दे प्रलंबित आहेत, रजेच्या काळात जबाबदारी कोणाकडे राहील आणि कोणत्या तारखेला ती आपल्याकडे परत येईल, हे त्यात लिहून पार्टनरला ईमेलने पाठवावे व त्यांचा होकार ईमेलवरच घ्यावा. परतीची तारीख लिहिताना संकोच वाटतो, पण त्या पानावरची सर्वांत मोलाची ओळ तीच असते.

पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने मिळाली. त्यांतील जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयाने पाळणाघराची सोय करणेही बंधनकारक आहे. ती नसेल तर एकटीने मागण्याऐवजी दोघीतिघींनी मिळून लेखी मागणी करावी.

अप्रेझलच्या वेळी टाइमशीटकडे बारकाईने पाहावे. वर्षाला 1,600 चार्जेबल तासांचे, म्हणजे क्लायंटच्या बिलात धरता येणाऱ्या तासांचे, उद्दिष्ट असेल आणि तुम्ही निम्मे वर्ष रजेवर असाल, तर तुमचे उद्दिष्ट 800 तासांचे धरले गेले पाहिजे. अन्यथा उत्तम काम करूनही कागदावर तुम्ही मागे पडलेल्या दिसता. हा हिशोब बैठकीपूर्वीच पाठवून ठेवावा.

आपल्या व्यवसायात कामाचा ताण कधी वाढणार हे आधीच ठाऊक असते, आणि त्याचा लाभ घरातही घ्यावा. एप्रिलमधील बँक शाखांची ऑडिट, जुलैमधील विवरणपत्रे, सप्टेंबरमधील टॅक्स ऑडिट या तारखा आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेल्या असतात, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझे पती स्वतःची रजा काढतात. पतीकडे काम सोपवताना ते पूर्ण सोपवावे: लसीकरण त्यांच्याकडे असेल, तर डॉक्टरांची वेळ घेण्यापासून कार्डावरच्या नोंदीपर्यंत सगळे त्यांनीच पाहावे, आपण फोनवरून आठवण करून देऊ नये. पाळणाघर सात वाजता बंद होत असेल, तर साडेसहाला निघण्याची वेळ टीमला पहिल्याच दिवशी सांगावी आणि रोज पाळावी. रोज नवे कारण देत बसले की आर्टिकल्सनाही, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्यांनाही, तुम्ही केव्हा भेटाल हे कळत नाही.

पार्टनरपदाचा प्रस्ताव आला की आनंदाच्या भरात सही करू नये. पार्टनर ही कायद्याच्या दृष्टीने कर्मचारी नसल्यामुळे 26 आठवड्यांचे संरक्षण तेथे संपते, आणि जे काही मिळेल ते भागीदारी करारातूनच मिळते. बाळंतपणाच्या किंवा दीर्घ आजारपणाच्या काळात मेहनताना आणि नफ्यातील वाटा किती राहील, क्लायंट कोणाकडे जातील व केव्हा परत येतील, ही कलमे मसुद्यात आहेत का ते तपासावे, आणि नसतील तर ती घालून घेतल्यावरच सही करावी.